पेन खाली, मग पोच

२ मार्च, सोमवार

प्रति,
रेडिओ चालक,
आरोग्य केंद्र, वरचं खोरं.

१८ फेब्रुवारीच्या पुरात आपल्या दोन स्टेशनांमध्ये जे संदेश गेले-आले त्यांची नोंद खाली देत आहे. तुमच्या नोंदवहीशी ताडून पाहावी.

१. ०९:२० – वादळामुळे दोन्ही मोबाइल टॉवर बंद. दरड कोसळून वरच्या खोऱ्याचा रस्ता बंद.
२. ०९:५० – आमच्या हौशी रेडिओ क्लबनं अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर आणीबाणीचं रेडिओ नेट सुरू केलं. हजर स्टेशनं एकोणीस. नेट कंट्रोल (बोलण्याचा क्रम लावणारं स्टेशन): मी.
३. १३:४२ – आरोग्य केंद्राच्या कॉल साइनवरून मोर्समध्ये हाक. त्याआधी आवाजात केलेले दोन प्रयत्न ऐकू आले, समजले नाहीत. तुमची बॅटरी उतरलेली असावी.
४. १३:५१ – तुमचा संदेश, तातडीचा: ऑक्सिजनवर तीन रुग्ण. साठा संध्याकाळी सहापर्यंत. पाच सिलिंडर हवेत. खालचा धक्का वाहून गेला आहे, बोट खाणीच्या बाजूनं आणावी.
५. १३:५५ – आमची पोच.
६. १४:०८ – आमचा संदेश: बोट निघाली. खाणीजवळ लाल कापड लावा.
७. १४:१० – तुमची पोच.
८. त्यानंतर चाळीस सेकंद फ्रीक्वेन्सी रिकामी. कारण: नेट कंट्रोल.
९. १६:४० – बोट पोचली. तिन्ही रुग्ण सुखरूप.
१०. १७:१५ – तुमचं स्टेशन बंद. चालकानं स्वतःची कॉल साइन दिलेली नाही.

केंद्राच्या कॉल साइनबरोबर चालकानं स्वतःचीही द्यावी असा नियम आहे. नोंद पूर्ण करण्यासाठी ती कळवावी.

पत्र इथंच संपायला हवं होतं. मसुदा असाच केला होता आणि पाकीटही चिकटवलं होतं. मग वाफेवर धरून उघडलं.

दादा, क्रमांक सहाचा संदेश संपल्यापासून क्रमांक सातची तुमची पोच येईपर्यंत तीन श्वासांचं अंतर होतं. आमच्या एकोणीस स्टेशनांपैकी एकही तेवढं थांबत नाही. सगळ्यांना घाई असते. फक्त एका माणसानं मला शिकवलं होतं की संदेश लिहून झाला की पेन खाली ठेवायचं, लिहिलेलं डोळ्यांखालून घालायचं आणि मगच पोच द्यायची. "पेन हातात असताना दिलेली पोच खोटी असते," असं तो म्हणायचा. आणि त्याची शेवटची डॅश नेहमी जराशी लांबायची, उठायला कंटाळा आल्यासारखी.

मी आता मापन प्रयोगशाळेत आहे. कारखान्यांचे वजनकाटे आणि मीटर येतात, ते खरं सांगतात का ते मी तपासते. प्रमाणपत्राच्या तळाशी एक ओळ असते: विश्वासार्हता पंच्याण्णव टक्के. त्या दिवशी मोर्सच्या की वर तूच होतास याबद्दल माझी खात्री तेवढीच आहे.

उरलेल्या पाच टक्क्यांतलं कोणी हे पत्र वाचत असेल तर माफ करा. कॉल साइन तेवढी कळवा.

*

११ मार्च, बुधवार

दादा,

रजिस्टर पत्राची पोचपावती परत आली. सही परिचारिकेची आहे. म्हणजे पत्र त्या इमारतीत शिरलं एवढं कळलं.

परिचारिकेनं परत पाठवलं नाही, 'असा कोणी नाही' असंही लिहिलं नाही. मी यावरून जे काही धरून चालले आहे त्याला पुरेसा आधार नाही हे मला माहीत आहे.

घरचं सांगते. आत्याचा गुडघा दुखतो, तोंड चालू आहे. बाबांनी दुकान गेल्या वर्षी बंद केलं. टीव्ही दुरुस्तीला आता कोणी आणत नाही, आणि हात थरथरत असताना झाळकाम करण्यात अर्थ नाही असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. टेबल, मल्टीमीटर आणि खिळ्यांचे डबे घरी आले. तुझ्या खोलीत आहेत. तुझी खोली अजून 'थोरल्याची खोली' आहे. त्यात आता कोणी झोपत नाही, फक्त रेझिस्टर असतात. छपरावरचा अँटेनाचा खांब त्या वादळात पडला. बाबांनी एक तार गच्चीच्या कठड्यावरून कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत ओढली आहे. आत्या त्यावर टॉवेल टाकते आणि मग घरात महायुद्ध होतं.

रविवारची सकाळची हजेरी अजून चालते. दोन वर्षांपासून ती मी घेते. प्रत्येकाची कॉल साइन पुकारायची, उत्तर आलं की खूण करायची. आत्या मला शाळेतली मॉनिटर म्हणते. वर्षभर गैरहजर राहिलेलं स्टेशन यादीतून काढायचं असतं. एक स्टेशन मी काढलेलं नाही. यादीत शेवटी ठेवलं आहे, म्हणजे नंतर कोणी वाट बघत ताटकळत नाही. एकशे चार रविवारांपैकी एकशे दोन वेळा पुकारलं. दोनदा मला ताप होता.

क्लबात कोणी कधी विचारलं नाही. सगळे आपापल्या नोंदवहीत बघतात.

आता क्रमांक आठ. पुरानंतर क्लबात आढावा झाला, तेव्हा त्या चाळीस सेकंदांवर बोट ठेवलं गेलं. मी म्हटलं, माझी चूक. पण चूक कसली ते सांगितलं नाही. तुला सांगते.

तुझी पोच आली. पुढच्या स्टेशनला बोलवायचं होतं. दोन स्टेशनं ताटकळत होती. मी की वर बोट ठेवलं आणि मला एकच डॉट पाठवायचा होता. कॉल साइन नको, प्रश्न नको. तू मला ज्या नावानं हाक मारायचास तेवढाच. तू ओळखलं असतंस. मग वाटलं, ओळखलंस आणि सेट बंद केलास तर? बोट अजून पाण्यात होती. तिला काही अडलं असतं तर वर सांगायला तू एकटाच होतास.

चाळीस सेकंद मी या दोन्हींचा हिशेब केला आणि मग पुढच्या स्टेशनला बोलावलं. निर्णय बरोबर होता. तो घ्यायला चाळीस सेकंद लागायला नको होते.

आढाव्याला बाबाही आले होते. मागच्या बाकावर बसले होते.

या पत्राला उत्तराची अपेक्षा नाही असं मी लिहिलं होतं. ती ओळ आता खोडली आहे.

*

१९ मार्च, गुरुवार

दादा,

हे पत्र लांबेल. घटनाक्रमानं लिहिते, नाहीतर मी मधलं काहीतरी गाळीन. गाळायची मला सवय आहे हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

शनिवारी दुपारी बाबा तुझ्या खोलीत एक जुना रिसीव्हर उघडून बसले होते. मी स्क्रू धरत होते.

"चाळीस सेकंद काय करत होतीस?" त्यांनी विचारलं. मान वर केली नाही.

"ऐकत होते."

"कोण बोलत होतं?"

"कोणीच नाही."

"मग कसलं ऐकणं?"

"हात ओळखीचा वाटला, बाबा."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि कपाटातून त्यांची वही काढली. वादळाच्या दिवशी घरी बसून, टॉवेलच्या तारेवर, त्यांनीही सगळं उतरवून घेतलं होतं. तुझा ऑक्सिजनचा संदेश, अक्षरन् अक्षर. अक्षर वाकडंतिकडं, पण चूक एक नाही. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'थोरला?'

प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं होतं.

मला तेव्हा बोलावं लागलं. चार वर्षांपूर्वीच्या पुराचं. तुला माहीत आहे ते सगळं, पण मी ते आजवर कोणासमोर उच्चारलं नव्हतं म्हणून तुलाही लिहून देते. मी काय कबूल केलं आणि कोणत्या शब्दांत, ते तुझ्याकडे लेखी असावं.

तेव्हा माझ्याकडे परवाना नव्हता. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. तू शेजारी बसलेला असताना मी तुझ्या कॉल साइनवर की चालवू शकत होते. तू जनरेटरमध्ये इंधन भरायला खाली गेलास. जाताना म्हणालास, "कोणी आलं तर थांब म्हण." टेकडीवरच्या स्टेशनवरून संदेश आला. मी थांब म्हटलं नाही. मला तुला दाखवायचं होतं. 'दोघे छतावर' लिहिलं, 'पंपघर' लिहिलं, आणि मग खरखर सुरू झाली. पंपघरं दोन होती, जुनं आणि नवं, दोन किलोमीटर अंतरावर. कोणतं, ते त्या खरखरीत गेलं. पाठोपाठ दुसरं स्टेशन हाका मारत होतं. पेन हातात होतं आणि मी पोच दिली.

पोच मिळाली म्हणून टेकडीवरच्या माणसानं बॅटरी वाचवायला सेट बंद केला. मी सहा वेळा हाक मारली.

तू वर आलास. कागद बघितलास. "पोच दिलीस?" म्हणालास. मी हो म्हटलं. तू माझ्या डोक्यावरचे हेडफोन काढून घेतलेस आणि म्हणालास, "जा, खाली जाऊन चहा घे." रागानं म्हणाला असतास तर बरं झालं असतं.

बोट आधी जुन्या पंपघराकडे गेली. पन्नास मिनिटं गेली. नव्या पंपघरावरच्या दोघांपैकी मदतनीस झाडाला धरून राहिला. पंप ऑपरेटर राहिला नाही.

चौकशीत तू म्हणालास, "की वर मी होतो." बाबा तेव्हा नेट कंट्रोल होते. चाळीस स्टेशनं ऐकत असताना त्यांनी सांगितलं की या स्टेशनला यापुढे संदेश दिले जाणार नाहीत. स्वतःचा मुलगा म्हणून सोडलं असं कोणी म्हणू नये, असंही म्हणाले. तू उत्तर दिलंस, "समजलं. बंद करतो." आठ दिवसांनी तू गेलास. ठरल्या दिवशी मी परीक्षा दिली. शंभरात अठ्ठ्याण्णव.

एवढं बाबांना सांगितलं. ते खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

मग म्हणाले, "ती पोच तुझ्या हातची होती."

"तेच सांगतेय बाबा मी."

"तू आज सांगतेस. मला त्या दिवशीच ऐकू आलं होतं. तुझ्या डॅशला घाई असते. त्याच्या हाताला नाही. लहानपणापासून दोघांचे हात ऐकलेत मी, एवढंही ओळखू येणार नाही?"

"मग तुम्ही त्याला का..."

"तो म्हणाला मी होतो. मी ऐकलं ते ऐकलं नाही असं ठरवलं." मग म्हणाले, "तुझी परीक्षा होती."

आत्या दारात उभी होती. तिनं हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. "वा," ती म्हणाली. "तिघांनाही माहीत होतं. आणि चार वर्षं मी एकटी मूर्ख त्या पोरासाठी दार उघडं ठेवते. तुमच्या घरात माणसांना एकमेकांशी बोलायला परवाना लागतो का रे?"

ती आत जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच.

दादा, एक विचारायचं आहे. बाबांनी ओळखलं होतं, हे तुला तेव्हाच कळलं होतं का? त्यांनी तुझं स्टेशन बंद केलं म्हणून तू गेलास असं मी चार वर्षं धरून चालले. आता वाटतं, शिक्षेसाठी तू गेला नसतास. शिक्षा तू मागून घेतली होतीस. हात ओळखूनही ते गप्प राहिले, ते तुला ऐकू आलं असणार.

सोमवारी मी पंप ऑपरेटरच्या बायकोकडे गेले. ती शिवणकाम करते. समोरच्या खोलीत मशीन, भिंतीवर मोजमापांच्या चिठ्ठ्या. मी उभ्यानंच सांगितलं. ती शिवण पूर्ण करेपर्यंत मशीन चालवत राहिली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "तुमचा भाऊ आला होता. तेव्हाच. म्हणाला, चूक माझी."

"त्याची नव्हती."

"आता तुम्ही म्हणता तुमची. घरात आणखी कोणी आहे का? एकदाच सगळे येऊन जा. मला गिऱ्हाइकं असतात."

तिनं बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. थोड्या वेळानं विचारलं, "नव्या पंपघरावर घंटा आहे, माहितीय?"

मला माहीत नव्हतं.

"पाणी खुणेच्या वर गेलं की वाजते. आपोआप. तुमच्या भावानं बसवली. सहा दिवस रोज सकाळी यायचा, माझ्याकडून शिडी न्यायचा, संध्याकाळी आणून ठेवायचा. या खेपेला वाजली. ड्यूटीवरचे दोघं वेळेत उतरले." मग तिनं पुढचं कापड मशीनखाली घेतलं. "तुम्हाला माफ केलं असं समजू नका. घंटा वाजते, एवढंच सांगितलं."

त्या आठ दिवसांत तू दिवसभर कुठे असतोस हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. तू घरी नसलास की मला बरं वाटायचं.

येताना पंपघरावरून आले. तारा नीट बांधल्या आहेत. प्रत्येक गाठ तुझी आहे, दोन वेढे आणि उलटा एक. फ्लोट स्विचला थोडा गंज आहे. साफ केला. घंटा तपासली, वाजते.

मंगळवारी क्लबाला लेखी दिलं: चौकशीच्या नोंदीत दुरुस्ती, की वर कोण होतं, परवाना होता की नव्हता. खाली बाबांनीही सही केली, त्यांनी काय ऐकलं होतं ते लिहून. त्यांची सही आता ओळखू येत नाही. तुझ्या स्टेशनवरची बंदी काल उठली. मला नेट कंट्रोलवरून काढलं आहे, आणि परवान्याचं काय करायचं ते पुढच्या महिन्यात ठरेल. हे मी तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तू वाईट वाटून घेशील, म्हणून आधीच सांगते: नको.

*

२२ मार्च, रविवार

दादा,

आज हजेरी बाबांनी घेतली. मला काढल्यावर दुसरं कोणी तयार होईना. टॉवेलच्या तारेवरून घेतली. आत्यानं सकाळपासून तिकडे काही वाळत घातलं नाही, आणि आपण काही केलंय असं दाखवलंही नाही.

यादी मीच लिहून दिली होती. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले. ती ओळ यादीत असते हे त्यांना माहीत होतं. दर रविवारी ते शेजारच्या खोलीत ऐकत असायचे. पण पुकारलेली त्यांनी कधीच नव्हती. चार वर्षांपूर्वी बंद केल्यापासून तुझी कॉल साइन त्यांच्या तोंडून निघालेली नव्हती.

"मोर्समध्ये देऊ का?" त्यांनी विचारलं.

"हात कापतोय तुमचा."

"मग त्याला कळेल, मीच आहे म्हणून."

त्यांनी तुझी कॉल साइन दिली. दोन अक्षरं अडखळली. नेटवर बावीस स्टेशनं होती. कोणी मधे आलं नाही.

मी पेन खाली ठेवलं. तीन श्वास मोजले. तिसऱ्या श्वासाच्या शेवटी एक डॉट ऐकू आला.

एकच. कमकुवत. दूरवर वीज चमकली तरी हेडफोनमध्ये असाच टिकटिक आवाज येतो, हे मला माहीत आहे. बाबांनाही माहीत आहे.

"ऐकलंस?" ते म्हणाले.

"काहीतरी होतं."

"हं. असेल कुठलातरी आवाज."

त्यांनी हेडफोन काढले नाहीत. आणखी अकरा मिनिटं तसेच बसले. मीही बसले. आत्यानं दोनदा चहा गरम केला.

ऐकलं ते ऐकलं नाही, असं या घरात आता कोणी ठरवणार नाही. पण एका डॉटवर हजेरीची खूण करता येत नाही. ती जागा रिकामी ठेवली आहे.

सोबत दोन कागद आहेत.

पहिला तुझ्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज. मुदत ३१ मार्चला संपते. ती उलटली की कॉल साइन दुसऱ्या कोणाला तरी मिळेल आणि मग रविवारी बाबांना ती पुकारता येणार नाही. सगळे रकाने भरले आहेत. पत्ता मला माहीत नाही, तो तू भर. सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली केली आहे.

दुसरा बाबांचा संदेश. त्यांनी सांगितला, मी उतरवला, परत वाचून दाखवला. एक शब्द बदललेला नाही.

शब्द सात:
थोरल्या, चूक माझीही. अँटेना खाली आहे. ये.

माझा संदेश वेगळा लिहिला नाही. एवढी पत्रं झाली, त्यात तो कुठेतरी असेल. तू गेल्यापासून मला घाई न करता काहीच करता आलेलं नाही. हे एवढंच सांगायचं राहिलं होतं.

येणं जमणार नसेल तर येऊ नकोस. अर्ज पाठव. तोही पाठवायचा नसेल तर कोऱ्या कार्डावर तुझी कॉल साइन लिही, म्हणजे हात तुझाच होता हे कळेल. अर्ज टपालानं इथं यायला आणि मी तो कार्यालयात नेऊन द्यायला दोन दिवस धरले आहेत.

सगळं वाचून झालं की पेन खाली ठेव. मग शनिवार, २८ मार्चपर्यंत पोच दे.

– डॉट